२८० रुपयांचं क्रोसाँ आणि माळ्यावरचा ओव्हन

मावशी, नमस्कार.
मी नागपूरला त्रिमूर्तीनगरात राहते, बँकेत नोकरी करते. घरी नवरा, सासूबाई, नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली लेक आणि पाचवीतला मुलगा. धरमपेठेत एक नवीन बेकरी-कॅफे झालंय. लेकीच्या हट्टापायी गेल्या रविवारी गेलो. चार क्रोसाँ, म्हणजे ते बटरच्या थरांचे पाव, २८० रुपयांप्रमाणे, दोन कुकीज १६० प्रमाणे, बनाना ब्रेडचा एक तुकडा १४० चा आणि दोन कॉफ्या. बिल १,९४० रुपये! नवरा गाडीत एक शब्द बोलला नाही. घरी आल्यावर म्हणाला, ही शुद्ध लूट आहे, घरात ओव्हन पडलाय, घरी करत जा. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या पैशात दोन किलो संत्रा बर्फी आली असती बाप्पा!" साडेआठ हजारांचा तो विजेचा ओव्हन, ओटीजी, दोन वर्षांपासून माळ्यावर आहे, कारण माझा केक कधी मध्येच बसतो, कधी वरून करपतो, आणि लेक म्हणते "तसा" लागत नाही. आता १६ मेला सासूबाईंचा पंचाहत्तरावा वाढदिवस. चाळीस माणसं येतील. सासूबाईंना अंडं चालत नाही. त्याच दुकानाने बिनअंड्याच्या अडीच किलोच्या केकचे ५,२०० सांगितले. नवरा परत तेच म्हणतो, घरी कर. मी कंजूष की उधळी, मलाच कळेना. ओटीजी विकून टाकू का?
– एक गोंधळलेली सून

अगं पोरी,

कंजूष नाहीस आणि उधळीही नाहीस. त्या १,९४० रुपयांच्या बिलात रास्त भाव आणि लूट शेजारीशेजारी बसलेत, आणि तुमच्या घरात सगळ्यांनी मिळून त्यांची एकच मोट बांधून टाकली. ती आधी सोडवू.

सगळ्यात जास्त डोळ्यांत खुपलं ते क्रोसाँ. त्याला लागणारा मैदा, दूध, यीस्ट आणि बटर धरलं तर एका नगाला वीस-पंचवीस रुपयांच्या वर सामान जात नाही. तुझ्या नवऱ्याने मनातल्या मनात हाच हिशेब केला असणार. पण यातला खर्च सामानात नसतोच. यीस्टचं पीठ मळून, गार करून लाटायचं, त्यावर बटरची थंड लादी ठेवायची, घडी घालायची, परत लाटायचं, फ्रिजमध्ये विसावा द्यायचा, परत घडी. तीन पदरी घडी तीनदा घातली की बटरचे २७ थर होतात. भट्टीत गेल्यावर बटरमधल्या पाण्याची वाफ होते, ती एकेक थर वर उचलते, म्हणून चांगलं क्रोसाँ मधोमध कापलं की आत मोहोळासारखी जाळी दिसते. हे सगळं होईपर्यंत बटर वाकेल इतकं मऊ आणि वितळणार नाही इतकं गार राहायला लागतं. बटर साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं. आता एप्रिलच्या दुपारी आपल्या ओट्यावर हात ठेवून बघ. दुसऱ्या घडीपर्यंत बटर पिठात जिरतं, थर एकमेकांना चिकटतात, आणि ओव्हनमधून निघतो तो चंद्रकोरीच्या आकाराचा ब्रेड, खाली ट्रेमध्ये तुपाचं तळं. त्यामुळे क्रोसाँ घरी करायचा विचारसुद्धा करू नकोस. डिसेंबरात हौस म्हणून एकदा कर हवं तर, पैसे वाचवायला म्हणून नको.

तू म्हणशील, मग चौकातल्या बेकरीतली खारी काहून एवढी स्वस्त? तीही थरांचीच की. बरोबर आहे. पण खारीत बहुतेक बटर नसतं, वनस्पती तूप किंवा मार्जरीन असतं. ते बटरपेक्षा उशिरा वितळतं, त्यामुळे एसी नसलेल्या, भट्टीच्या धगीतल्या खोलीतही थर धरून राहतात, आणि भावही बटरच्या कितीतरी खाली. चहात बुडवायला खारीच बरी, त्यात वाद नाही. पण २८० रुपये मोजताना काउंटरवरच्या पोराला एवढं विचारायचंच की यात बटर आहे की मार्जरीन. तो आत जाऊन विचारून आला तरी चालेल. त्याने कां-कूं केलं तर उठून यायचं. खाऊनही कळतं म्हणा. बटर जिभेवर विरघळून जातं. वनस्पतीचा चरबटपणा टाळूला चिकटून बसतो, वरून पाणी प्यालं तरी हटत नाही.

तर बटर असेल, थर सुटे असतील, तर त्या २८० रुपयांत काम आहे. दोन दिवसांची मेहनत, गार खोलीचं वीजबिल, कारागिराचा पगार. शिवाय रात्री जे उरतं ते दुसऱ्या दिवशी मऊ पडतं, त्याचा तोटा विकल्या गेलेल्या नगांवरच चढणार. धरमपेठेचं भाडंही त्यात आहे, आणि ते मी तुझ्याकडून काहून घ्यावं हा प्रश्न मलाही पडतो. दोनशे असते तर मी चकार शब्द काढला नसता. २८० जरा जास्तच आहेत, पण त्याला लूट म्हणणार नाही. चार मात्र कशाला घेतली? एवढ्या बटरचं ते, दोघांत एक पुरतं. सुरी मागायला लाजायचं नाही.

कुकी आणि बनाना ब्रेडच्या बाबतीत मात्र मी तुझ्या नवऱ्याच्या बाजूने.

बनाना ब्रेड नावाला ब्रेड. साल काळी पडलेली, शिकरणालाही कोणी हात लावत नाही अशी तीन केळी काट्याने कुस्करायची, त्यात पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी तेल, दोन-तीन चमचे दही, दोन वाट्या मैदा किंवा अर्धा मैदा अर्धी कणीक, चमचाभर बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, चिमूटभर मीठ. एक पातेलं, एक चमचा, बीटरची गरज नाही. उलट जास्त फेटलं तर वातड होतो, पीठ दिसेनासं झालं की हात थांबवायचा. अंडं नको, कारण केळंच सगळं धरून ठेवतं, म्हणजे सासूबाईंनाही चालतो. सत्तर-ऐंशी रुपयांत अख्खी वडी होते, तिचे आठ-दहा तुकडे पडतात. दुकानाच्या भावाने तेवढ्याचेच अकराशे-चौदाशे झाले असते. इथे ना कसब लागतं ना गार खोली. १४० रुपये गेले ते पाटीवरच्या खडूच्या अक्षरांना आणि तपकिरी कागदी पिशवीला.

कुकीचंही थोडंफार तसंच. मात्र प्रामाणिक हिशेब करायचा तर दुकानातली एक म्हणजे आपल्या घरच्या तीन. चांगलं चॉकलेट आणि बटर घालूनही घरी तेवढ्या तिघी पन्नासेक रुपयांत होतात. चॉकलेट घेताना पाकिटाची मागची बाजू वाच. कोको बटर लिहिलेलं असेल तर ते खरं चॉकलेट. त्या जागी वनस्पती तेल किंवा हायड्रोजिनेटेड फॅट लिहिलं असेल तर ते कंपाउंड. ते स्वस्त असतं, वितळवायला सोपं असतं, आणि पुष्कळ "प्रीमियम" कुकीजमध्ये बिनदिक्कत तेच असतं. इतवारीत किराणा ओळीकडे चक्कर होतेच तुमची, तिथे आसपास केक-सामानाच्या दुकानात दोन्ही मिळतात, भावातला फरक बघितलास की सगळं ध्यानात येईल.

आणखी एक. केक, पेस्ट्री, बिस्किटांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलाय. पुढच्या वेळी बिल हातात आलं की आकडे बघ. कर कमी झाला आणि भाव होता तिथेच राहिला, असं काही ठिकाणी आढळेल.

आता तो ओटीजी. विकू नकोस, आधी माळ्यावरून उतरव. तुझा केक वरून करपतो म्हणजे भांडं वरच्या कॉइलच्या फार जवळ आहे. एक कप्पा खाली घे, आणि रंग आला की वरून फॉइल झाक. मध्येच बसतो त्याची कारणं दोन-तीन असतात: अर्ध्यात दार उघडून बघितलं, सोडा हात सैल सोडून घातला, किंवा आतून कच्चा असतानाच काढला. त्याच्याही मागे बहुतेकदा बटण असतं. ओटीजीच्या बटणावर १८० लिहिलेलं असतं म्हणून आत १८० असेलच असं नाही, वीस अंश इकडे तिकडे सहज असतं. आत ठेवायचा छोटा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. तो आण आणि एकदा रिकामा ओव्हन तापवून बघ, तुझ्या मशीनचं १८० नेमकं कुठे आहे ते. विजेची धास्ती नको. तपमान गाठल्यावर कॉइल मधूनमधून बंद होते, एका केकला साधारण एक युनिट जातं.

पण नागपुरात खरा घोळ बटरचा होतो, आणि तो रेसिपीत कोणी लिहीत नाही. "बटर रूम टेम्परेचरला आणा," असं लिहिलेलं असतं. कोणाची रूम? लिहिणारी जिथे बसते तिथे वीस-बावीस अंश असतील. आपल्याकडे मेमध्ये पंचेचाळीसच्या वर पारा जातो, पंखा लावला तरी स्वयंपाकघर पस्तिशीच्या खाली येत नाही. बटर-साखर फेटायची ती साखरेच्या कणांनी बटरमध्ये हवा भरायला. बटर मऊ पण आकार धरून असेल तरच ती हवा टिकते. ओघळायला लागलं की हवा निसटते, आणि केक विटेसारखा दडस होतो. तू म्हणतेस ना "कधी मध्येच बसतो", तर आठवून बघ, एखादा चांगला झाला असेल तर तो थंडीत. उन्हाळ्यात तेलाचे केक करायचे, तेही सकाळी सहा-साडेसहाला, म्हणजे ओव्हनची धग दुपारच्या उन्हात मिसळत नाही. बटरचे केक दिवाळीनंतर. आणि नेहमीचं खारं अमूल बटर वापरशील तर रेसिपीतलं मीठ वगळ, त्यात ते आधीच असतं.

दिवाळीनंतर आंबिया बहराची संत्री आली की एकदा संत्र्याचा केक कर. दुकानातला "ऑरेंज केक" म्हणजे बहुतेक ठिकाणी इसेन्स आणि केशरी रंग. आपल्या घरात टोपलीभर संत्री असतात आणि आपण साली फेकून देतो! नागपुरी संत्र्याची साल सैल असते, त्यामुळे ती किसायला नाजूक. संत्रं सोलायच्या आधी, अख्खं हातात धरून, बारीक किसणीवर वरचा केशरी थर तेवढा हलक्या हाताने काढायचा. पांढरं दिसायला लागलं की संत्रं फिरवायचं, कारण पांढरं कडू. हा कीस साखरेत टाकून बोटांनी चोळायचा. साखर ओलसर होते, केशरी दिसायला लागते, आणि घरभर वास सुटतो. मग पुढचं सगळं नेहमीच्या केकसारखं. धरमपेठेतलं कुठलंही दुकान या केकची बरोबरी करणार नाही, हे मी पैजेवर सांगते.

हे झालं सामानाचं आणि ओव्हनचं. तुझ्या पत्रात मला जास्त टोचलं ते वेगळंच. तुझा नवरा दोनदा "घरी कर" म्हणालाय, आणि दोन्ही वेळा करणारी तूच आहेस. घरचा केक स्वस्त पडतो या हिशेबात तुझी मजुरी शून्य धरलेली असते. आठवडाभर बँकेत खपून आल्यावर रविवारी मैदा चाळणं, भांड्याला तूप लावून कागद बसवणं, पाऊण तास ओव्हनपाशी घुटमळणं, मग बीटरच्या पात्यांच्या फटीत अडकलेलं पीठ काडीने काढत बसणं. या तासांना नुसते घरकामाच्या बाईचे दर लाव, मग सांग घरचा केक कितीला पडला. जावईबापूंना (मला त्यांना जावईच म्हणायला लागणार) माझा निरोप सांग: लूट वाटते ना, मग सामानाची वजनं तुम्ही करायची आणि भांडी तुम्ही घासायची. तयार असतील तर रविवारचा बनाना ब्रेड जरूर करा, मजा येईल. नसतील तर विकत आणायचा, आणि आणताना तोंड लहान करायचं नाही.

सासूबाईंनाही एक आठवण करून दे. त्यांच्या तरुणपणी दिवाळीच्या आधी मैदा, पिठीसाखर, डालडा डब्यात भरून बेकरीत नेऊन द्यायचा, तिथला माणूस मळून, भट्टीत भाजून नानकटाई हातात द्यायचा, आपण भाजणावळ मोजायची. पुष्कळ घरी असंच चालायचं. त्या नानकटाईला कोणी विकतची म्हणालं नाही. घरचं म्हणजे शेवटच्या कणापर्यंत सुनेच्या हातचं, हा आग्रह अलीकडचा आहे.

लेकीचं निराळं. ती तिथे क्रोसाँसाठी जात नाही. एसी, मैत्रिणी, फोटो, आणि तासभर कोणी उठवत नाही अशी खुर्ची, यासाठी जाते. तू घरी कितीही चांगलं केलंस तरी "तसं" लागणारच नाही. त्यामुळे त्या स्पर्धेत उतरू नकोस. महिन्याचा एक ठरावीक खर्च तिच्या हातात दे. त्यात ती एकदा मोठ्या दुकानात जाईल की चारदा सदरच्या जुन्या बेकरीत पॅटिस खाईल, ते तिचं तिने ठरवायचं. अकरावी सुरू होईपर्यंत सुट्टीच सुट्टी आहे, तर ओटीजी तिच्या ताब्यात दे आणि तू बाजूला हो. पहिल्या एक-दोन वड्या जळतील. जळू दे. सामान केळ्यांचं आहे.

राहता राहिला १६ मे. हा केक घरी करायचा नाही, स्पष्ट सांगते. चाळीस माणसांचा, क्रीमचा, बिनअंड्याचा केक, तोही भर मेमध्ये, आणि तोही तू ज्या ओव्हनला दोन वर्षांत हात लावला नाहीस त्यात? घरी आपण जी ताजी साय किंवा पाकिटातलं साधं क्रीम फेटतो ते या उन्हात उभं राहत नाही. दुकानवाले वनस्पती चरबीचं नॉन-डेअरी व्हिप वापरतात ते काही उगाच नाही. आणि नेमका सासूच्या पंचाहत्तरीचा केक बसला तर पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नात त्याची गोष्ट निघेल.

पण ५,२०० पण द्यायचे नाहीत. किलोला दोन हजारांच्या वर पडतात ते, आणि त्यातला मोठा भाग नावाचा आहे. तुमच्याच भागात घरून केक करणाऱ्या बायका असतील, साधारण हजार रुपये किलोच्या आसपास चांगला केक मिळून जातो. एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेची, नोंदणी आहे का ते विचार, बिनअंड्याच्या केकची भांडी-बीटर वेगळी ठेवतात का ते विचार, आणि आधी एक लहानसा कपकेक मागून चव घे. कोणीही खरी कामाची बाई याचा राग मानत नाही. केकही दीड किलोचाच सांग. कारण सासूबाईंनी तुला त्यांच्या आवडीचं नाव आधीच सांगून ठेवलंय, तुझं लक्ष बिलाकडे होतं. केक कापण्यापुरता आणि पोरांपुरता, बाकी ताटात संत्रा बर्फी. दोन्ही मिळून ५,२०० च्या बरंच आत बसेल, आणि जिचा वाढदिवस आहे तिलाही काहीतरी आवडीचं मिळेल.

केक दुपारी आणू नकोस, ऊन कललं की आण. गाडीत एसी आधी दहा मिनिटं लावून ठेव, आणि खोका मांडीवर घ्यायचा नाही. सीट उतरती असते आणि मांडी गरम. पुढच्या सीटच्या पायाशी, सपाट जागेवर ठेव. घरी आल्यावर थेट फ्रिजमध्ये, आणि पाहुणे जमले, ओवाळणी झाली की मगच बाहेर. मे म्हणजे लग्नसराई, ऐन वेळी या बायका सापडत नाहीत. त्यामुळे एप्रिल संपायच्या आत ऑर्डर नोंदव, निम्मे पैसे आगाऊ दे, आणि "बिनअंड्याचा" एवढं त्यांच्याकडून व्हॉट्सॲपवर लिहून घे.

– मावशी